चित्रकार प्रयोग कसे करतात, त्यांना सुचतं कुठून, आणि स्वतःची शैली सापडते कशी?

जलरंग झाले, अ‍ॅक्रिलिक झालं, कोलाज झालं, तरी प्रत्येक चित्र वेगळ्याच कुणीतरी काढल्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय की चित्रकार नेमके प्रयोग कसे करतात, त्यांना सुचतं कुठून, शैली सापडते कशी, आणि एवढं बदलूनही त्यांचं काम त्यांचंच कसं राहतं. मी बरीच वर्षं तैलरंगात काम करते, मधूनमधून कागदावर शाईनं. माझ्या कामातून जे कळलं आणि ज्यांच्या चित्रांकडून मी शिकले, तेवढ्यापुरतं सांगते.

शैली शोधणं आधी थांबवा. माध्यम बदललं की प्रयोग झाला, हा समजही सोडा. माध्यमासोबत एका वेळी कितीतरी गोष्टी बदलतात: रंग वाळायचा वेग, ब्रशवरचा दाब, पृष्ठभाग किती शोषून घेतो, मारलेला फटकारा मागे घेता येतो की नाही. चित्र वेगळं दिसतं खरं, पण ते कशामुळे वेगळं झालं हे कळत नाही. आणि ते कळलं नाही तर पुढच्या चित्राला त्याचा काही उपयोग नसतो. प्रयोगाला एक प्रश्न लागतो, आणि तो सोडून बाकी सगळं जमेल तितकं जागच्या जागी ठेवावं लागतं.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे चित्रकार योसेफ आल्बर्स. १९५० साली, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी चौकोनात चौकोन अशी एक साधी रचना घेतली आणि १९७६ साली मृत्यू येईपर्यंत तीच रंगवत राहिले. अशी हजारावर चित्रं आहेत. हार्डबोर्डवर पांढऱ्या रंगाचे थर, त्यावर ट्यूबमधून काढलेला रंग, बहुतेक वेळा काहीही न मिसळता, पॅलेट नाईफनं, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीनं, सपाट पसरलेला. कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, हे ते चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवायचे. रचना ठरलेली, हत्यार ठरलेलं. मग प्रश्न एकच उरतो: शेजार बदलला की रंग कसा बदलतो? तोच पिवळा गडद करड्याशेजारी पेटून उठतो आणि नारिंगीशेजारी हिरवट, थंड वाटायला लागतो. नुसतं ऐकून हे पटत नाही, करून बघावं लागतं. मला आल्बर्सची चित्रं सुरुवातीला रुक्ष वाटायची. आता त्यांच्यासमोरून हलवत नाही.

माझा स्वतःचा प्रश्न बऱ्याच काळापासून एकच आहे: गडद रंगात उजेड कसा राहतो? तो कुठून आला ते सांगता येणार नाही, पण त्यानं माझं काम कसं बदलत नेलं ते सांगता येईल.

सुरुवात काळ्यापासून झाली. ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक जाडसर लावला की कॅनव्हासवर भोक पडल्यासारखा दिसतो. नजर तिथे जाते आणि थांबते. मग मी काळा स्वतः तयार करायला लागले, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून. निळा किंचित जास्त झाला तर काळोखाला खोली येते, अंबर जास्त झाला तर ऊब. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही रंग बऱ्यापैकी पारदर्शक आहेत. पांढऱ्या ग्राउंडवर, म्हणजे कॅनव्हासवर आधी दिलेल्या तळाच्या थरावर, ते पातळ लावले की उजेड थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि रंगीत होऊन परत येतो. म्हणून तो काळा जिवंत दिसतो. त्याच मिश्रणात टिटॅनियम व्हाइटचा एक ठिपका घाला. उजेड वरूनच परततो आणि सगळं दुधाळ, बंद होऊन जातं. रंग उजळ झाला, पण उजेड गेला. या एका फरकानं माझी पुढची कित्येक चित्रं ठरवली. गडद भागात पांढरा घालायचा नाही, एवढा नियम केला. मग उजेड आणायचा तर वरचा रंग काढावा लागणार, हे ओघानंच आलं.

रंग लावण्यापेक्षा तो काढण्यात जास्त शिकायला मिळतं, असं माझं ठाम मत आहे. फडक्यानं पुसलं की मऊ, धुकट उजेड येतो. ब्लेडनं खरवडलं की कॅनव्हासचे उंच धागे तेवढे उघडे पडतात आणि बारीक कण चमकतात. आणि कागदानं उचलला तर तिसरंच काहीतरी होतं. रोलरनं रंगाचा सारखा थर द्यायचा आणि वाट बघायची. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो इतर रंगांपेक्षा लवकर आवळतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. बोट टेकवलं तर ठसा उठतो, पण बोटाला रंग फारसा लागत नाही, ही ती वेळ. आधी कागद ठेवला तर सगळा थर निघून येतो, उशीर झाला तर काहीच येत नाही. कोरा न्यूजप्रिंट त्यावर अंथरायचा (छापलेला नको, तेलानं शाई सुटून रंगात उतरते), तळहातानं दाबायचा, नखानं जिथे उजेड हवा तिथे थोडा जास्त, आणि एका कोपऱ्यातून सावकाश सोलत आणायचा. खाली त्वचेवरच्या रंध्रांसारखा पोत उमटतो. तो ब्रशनं काढू म्हटलं तर निघत नाही, आणि दुसऱ्यांदा अगदी तसाच येतही नाही.

कागदानं रंग उचलायचं हे मी वासुदेव गायतोंडे यांच्या कामाबद्दल वाचून करायला घेतलं. रोलर, पॅलेट नाईफ, थरावर थर, आणि कागदाच्या तुकड्यांनी रंग ठेवणं आणि उचलणं, हे त्यांच्या पुढच्या काळातल्या चित्रांचं तंत्र. पण तंत्राइतकाच त्यांचा प्रवास बघा. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, रेषा आहे, लघुचित्रांतले सपाट रंग आहेत, पॉल क्लेचा प्रभाव आहे. पन्नासच्या दशकात आकृती हळूहळू विरघळत गेल्या. १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांची दिशा ठरलेली होती. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत, बाकीचा वेळ विचार. १९८४च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणं शक्य नव्हतं, त्या काळात त्यांनी कागदावर छोटी रेखाटनं केली. २०१४ साली गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांची सुरुवातीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून बघितली तर माध्यम, आकार, विषय सगळं बदललेलं दिसतं, पण रंगाच्या प्रतलाला शांतपणे धरून राहायची सवय पहिल्यापासून आहे.

म्हणून तुमच्या 'त्यांचंच कसं राहतं' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की प्रश्न टिकला तर काम टिकतं. डच चित्रकार मोंद्रियानची झाडं बघा. १९०८ च्या सुमाराचं लाल झाड अजून झाडच आहे, फक्त रंग पेटलेला. १९११ च्या करड्या झाडात रंग जवळजवळ काढून टाकलाय, फांद्यांच्या कमानी झाल्यात, आणि गंमत म्हणजे फांद्यांमधली मोकळी जागा फांद्यांइतकीच जाड रंगवलीय. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात खोड जवळपास उरलेलंच नाही, कमानी आणि त्यांच्यामधले तुकडे एवढंच. तीन-चार वर्षांत झाड गेलं. पण प्रत्येक टप्प्यावर त्यांनी एकच गोष्ट ढकललीय: वस्तू आणि तिच्याभोवतीची जागा यांतला फरक किती कमी करता येईल? पुढच्या काळ्या रेघांच्या आणि लाल-निळ्या-पिवळ्या चौकटींच्या चित्रांत हाच प्रश्न शेवटाला गेलाय. नुसती ती शेवटची चित्रं बघून 'ही मोंद्रियानची शैली' म्हणणारा माणूस खरी गोष्ट चुकवतो.

कधी बदल अचानक झाल्यासारखा दिसतो. फिलिप गस्टन अमूर्त चित्रकार म्हणून नावाजलेले होते, आणि १९७० च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात त्यांनी बूट, सिगारेटी, टोकदार बुरखे घातलेली माणसं अशी ओबडधोबड चित्रं लावली. लोक चिडले. पण त्याआधीची दोन-तीन वर्षं ते कागदावर आणि लहान फळ्यांवर बूट, पुस्तकं, दिवे असल्या साध्या वस्तू काढत होते, आणि ते बुरखे तर त्यांच्या तरुणपणीच्या चित्रांतही आहेत. मोठ्या कॅनव्हासवरचा बदल बहुतेक वेळा आधी छोट्या कागदावर होऊन गेलेला असतो. तुमच्या स्केचबुकात जे तुम्ही 'हे काही चित्र नव्हे' म्हणून मागे टाकलंय, तिथे आधी बघा.

आता सुचण्याबद्दल. मला बहुतेक वेळा काम करतानाच सुचतं, त्याआधी नाही. हातात रंग नसताना आलेल्या कल्पना कॅनव्हासवर क्वचितच टिकतात. पण दुसऱ्यांची चित्रं उतरवणं हा एक झरा मात्र मी सगळ्यांना सांगते. व्हॅन गॉगनी १८८९-९० मध्ये सां-रेमीच्या रुग्णालयात असताना फ्रेंच चित्रकार मिले यांच्या चित्रांवरून एक अख्खी मालिका केली. त्यांच्यासमोर काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. रचना मिलेची, रंग सगळे स्वतःचे. हीच युक्ती वापरा. आवडलेल्या चित्राची रंगहीन प्रत घ्या, रचनेला हात लावू नका आणि रंग आपल्या मनानं भरा. रचनेची काळजी नसली की रंगाच्या बाबतीत आपण मुळात कसे आहोत ते फार स्पष्ट दिसतं. उलटंही करता येतं: रंग त्यांचे ठेवायचे आणि रचना आपली. दोन्ही एकदम मात्र बदलू नका.

अडचणही खूप काही देते. मातिस यांची १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली, पुढे उभं राहून रंगवणं अवघड झालं. मग सहायकांनी गॉशनं (अपारदर्शक जलरंगानं) रंगवलेले कागद ते कात्रीनं कापायला लागले. आयुष्यभर रेषा आणि रंग यांचं जमवू पाहणाऱ्या माणसाला कात्रीत दोन्ही एकत्र मिळालं, रंगातच रेषा कापता आली. अडचण यावी असं कुणी म्हणणार नाही, पण आपणहून घातलेलं बंधनही तसंच काम करतं. तीनच रंग. एकच ब्रश. एकच आकार.

नोंदी ठेवा. प्रभाकर बरवे यांच्या डायऱ्या प्रसिद्ध आहेत. रोजची निरीक्षणं, छोटी रेखाटनं, वस्तूचा आकार आणि अवकाश यांवरचे विचार त्यांत आहेत. मी त्या मानानं फार कोरडं लिहिते: कोणता थर, तेल किती, किती वाळल्यावर वर काम केलं, काय व्हावं असं वाटत होतं आणि काय झालं. तैलरंगात हे लिहिणं गरजेचंच आहे. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट असावा लागतो, नाहीतर पुढे तडे जातात, आणि खालच्या थरानं तेल ओढून घेतलं तर गडद भाग मॅट, राखाडी, निर्जीव दिसतो. रंग चुकला असं वाटून माणूस त्यावर नवा रंग चढवतो. खरं तर अगदी पातळ तेल चोळून लगेच पुसून घेतलं की खालचा काळा होता तसा परत येतो. नोंद असेल तर रंग बदलायचा की तेल लावायचं हे ठरवता येतं.

प्रश्न कधी सोडायचा? हात लावायच्या आधीच चित्र कसं होणार हे कळायला लागलं, की. माझं कागदानं उचलणं आता तिथे पोचलंय. तो पोत मला हवा तिथे आणता येतो, त्यामुळे सध्या तो बाजूला ठेवलाय आणि कडांवर काम चाललंय: गडद जिथे संपतो ती कड टोकदार ठेवली तर उजेड बाहेरून आल्यासारखा वाटतो, मऊ ठेवली तर आतून. मूळ प्रश्न तोच, फक्त बाजू बदलली.

तुम्ही आता एवढं करा. आत्तापर्यंतची सगळी चित्रं, माध्यम कुठलंही असो, एका भिंतीला लावा आणि माध्यम बदलूनही तुम्ही पुन्हा पुन्हा काय करता ते शोधा. क्षितिज नेहमी वर जातं का? एखादा कोपरा रिकामा सोडता का? रंग वेगळे असले तरी एक करडा सगळीकडे आहे का? ते सापडलं की तुमचा प्रश्न सापडला. मग एकाच आकाराचे छोटे कागद, एकच माध्यम, तीन रंग आणि पांढरा घेऊन फक्त तेवढंच बदलत मालिका करा. मालिका पुरी होईपर्यंत त्यातलं एकही चित्र फाडू नका किंवा त्यावर दुसरं रंगवू नका, कारण फसलेलं वाटणारं चित्र बहुतेक वेळा फक्त आधीच्यापेक्षा वेगळं असतं, आणि ते कोणत्या बाबतीत वेगळं आहे हे नंतरची दोन-तीन शेजारी लागल्याशिवाय दिसत नाही.