विकत घेतलेली यादी आणि परदेशातील ग्राहक

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचा केळीची भुकटी आणि वेफर्स तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. दुबईला दोनदा माल गेला. आता जर्मनी आणि नेदरलँड्समधील आयातदारांशी संपर्क साधायचा आहे. त्यासाठी आम्ही युरोपातील नऊ हजार ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली. हे सर्व पत्ते संमतीचे आहेत, कंपन्यांना पाठवलेल्या ईमेलला कायदा लागू होत नाही आणि आपण भारतातून पाठवणार असल्याने काळजीचे कारण नाही, असे विकणाऱ्याने सांगितले. सर्वांना एकाच वेळी माहितीपत्रक पाठवावे का?
— एक वाचक, सावदा

उत्तर : पाठवू नका. यादीचे पैसे गेले असे समजा. ते वसूल करण्यासाठी ती वापरायला गेलात, तर नुकसान वाढेल.

विकणाऱ्याची तिन्ही विधाने चुकीची आहेत. संमती ही कोणी, कोणाला, कशासाठी आणि केव्हा दिली हे दाखवता आले, तरच तिला कायद्यात अर्थ असतो. हॅम्बुर्गमधील एखाद्या खरेदी अधिकाऱ्याने चार वर्षांपूर्वी कुठल्या तरी प्रदर्शनाच्या नोंदणीत आपला पत्ता दिला असेल, तर ती संमती तुमच्या कारखान्याला मिळत नाही, कारण त्या वेळी त्याने तुमचे नावही ऐकलेले नव्हते. कंपन्यांबाबत युरोपातील सर्व देशांचे नियम सारखे नाहीत, हे खरे. परंतु तुम्ही निवडलेल्या जर्मनीचा नियम सर्वांत कडक नियमांपैकी एक आहे. तेथील अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या कलम ७ नुसार जाहिरातीच्या ईमेलला प्राप्तकर्त्याची स्पष्ट पूर्वसंमती लागते, मग तो घरगुती ग्राहक असो वा व्यापारी. संमतीवाचून आलेला एकच ईमेलही व्यवसायात बेकायदा हस्तक्षेप ठरू शकतो, असे तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा ईमेलबद्दल प्राप्तकर्ता वा प्रतिस्पर्धी व्यापारी वकिलामार्फत नोटीस पाठवतो आणि त्या वकिलाचा खर्च पाठवणाऱ्याकडून मागतो, ही जर्मनीत रुळलेली पद्धत आहे.

राहिला भारतात बसून पाठवण्याचा मुद्दा. जीडीपीआर या नावाने ओळखला जाणारा युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीविषयक कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि युरोपातील व्यक्तींना वस्तू वा सेवा देऊ करणाऱ्या संघाबाहेरील व्यावसायिकांपर्यंतही तो पोहोचतो. व्यक्तीचे नाव असलेला कार्यालयीन ईमेल पत्तासुद्धा वैयक्तिक माहितीत मोडतो. पत्ता दुसऱ्याकडून मिळवला असेल, तर तो कोठून मिळाला हे त्या व्यक्तीला फार तर एका महिन्यात आणि पत्ता संपर्कासाठीच वापरायचा असल्यास पहिल्याच संपर्काच्या वेळी सांगावे लागते. ‘विकत घेतला’ हे उत्तर तुम्ही पहिल्याच पत्रात लिहू शकाल का? मोठ्या उल्लंघनासाठी दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती आहे. छोट्या कारखान्यावर एवढा दंड बसेल असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्याशी वर्षानुवर्षे व्यापार करायचा, त्याच्या दारात पहिले पाऊल टाकताना त्याच्याच देशाचा कायदा मोडू नये, असे मला मनापासून वाटते.

याहून जवळचा धोका आणखी एक आहे आणि त्याचा विचार फारसे कोणी करीत नाही. नऊ हजारांपैकी शेकडो पत्ते बंद पडलेले असतील, काही जण तुमचे पत्र ‘स्पॅम’ म्हणून नोंदवतील आणि तुमच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची, पत घसरेल. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते, म्हणजे हजारात तीन तक्रारीही जास्त झाल्या. पत घसरली की त्याच डोमेनवरून दुबईच्या ग्राहकाला पाठवलेले इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनी माल ताब्यात घेतल्याबद्दल देते त्या कागदाचा) मसुदाही स्पॅममध्ये जाऊन पडतो. माल बंदरात पोहोचलेला असतो, ग्राहक कागदांची वाट पाहत असतो आणि आपण पाठवले म्हणून निश्चिंत असतो.

मग करायचे काय? जर्मनीत व्यावसायिकाला टपालाने कागदी पत्र पाठवण्यावर ईमेलसारखी पूर्वसंमतीची अट नाही. निवडक तीस आयातदारांना, त्यांच्या मालाची यादी वाचून, नावानिशी पत्र लिहा आणि सोबत भुकटीचे तपशीलपत्रक जोडा. काही आयातदार नव्या पुरवठादारांसाठी संकेतस्थळावर अर्ज ठेवतात. तो भरणे हा सरळ मार्ग आहे. बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका किंवा कोलोनच्या अनुगा प्रदर्शनात कोणी व्हिजिटिंग कार्ड दिले, तर त्याच्या मागे तारीख आणि त्याने नेमके काय मागितले ते तेथेच लिहून ठेवा. कार्ड दिले म्हणजे दरमहा माहितीपत्रक घेण्यास होकार दिला, असे होत नाही. तो होकार हवा असेल, तर जाहिरातीचा एकही शब्द नसलेला, फक्त दुवा दाबून खात्री करण्यास सांगणारा ईमेल पाठवावा आणि त्याचे उत्तर तारखेसह जपून ठेवावे.

शिष्टाचाराबद्दल एक स्वतःची चूक सांगतो. जळगावात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम नुकतेच सुरू केले होते, तेव्हा मी डाळीचे दरपत्रक साठेक खरेदीदारांना एकाच ईमेलने पाठवले आणि सर्वांचे पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्याऐवजी उघड्या रकान्यात टाकले. प्रत्येक खरेदीदाराला आमचे इतर सारे ग्राहक दिसले. दोघांनी व्यवहार थांबवला आणि त्यांचे बरोबरच होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला स्वतंत्र पत्र पाठवतो.

प्रश्न : आम्ही नंदुरबारहून लाल मिरचीची पूड पाठवतो. टोरांटोच्या एका व्यापाऱ्याने गेल्या वर्षी भाव विचारला होता. त्यानंतर आम्ही त्यांना दरमहा भावपत्रक पाठवत राहिलो. अलीकडे त्यांनी ‘माझे नाव काढा’ असे लिहिले. मी नाव काढले, तरी पुतण्याच्या संगणकावरील जुन्या यादीतून त्यांना पुन्हा पत्र गेले. आता काय करावे?
— एक वाचक भगिनी, नंदुरबार

उत्तर : ताई, चूक दोन ठिकाणी झाली आहे. कॅनडाचा स्पॅमविरोधी कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे. त्यात केवळ चौकशी करणाऱ्याची गृहीत संमती चौकशीपासून सहा महिने टिकते आणि खरेदी करणाऱ्याची दोन वर्षे. म्हणजे सातव्या महिन्यापासूनची भावपत्रके, व्यापाऱ्याने स्पष्ट संमती दिलेली नसल्यास, नकार येण्याआधीच नियमाबाहेर होती. नकार आल्यावर तो विनाविलंब आणि जास्तीत जास्त १० कामकाजाच्या दिवसांत अमलात आणावा लागतो. कंपन्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा एक कोटी कॅनेडियन डॉलर आहे.

नाव यादीतून नुसते पुसू नका. पुसलेले नाव पुढच्या वेळी दुसऱ्या यादीतून परत येते, जसे तुमच्याकडे आले. नकार देणाऱ्यांची वेगळी यादी ठेवा, ती एकाच ठिकाणी असू द्या आणि प्रत्येक वेळी पाठवण्यापूर्वी पुतण्याने पत्ते तिच्याशी ताडून पाहावेत. त्या व्यापाऱ्याला मिरचीचा उल्लेखही न करता दोन ओळींत क्षमा मागा आणि मग खरोखरच थांबा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतील किराणा वितरकांना शेंगदाण्याच्या पदार्थांची माहिती ईमेलने पाठवतो. तेथे आधी संमती लागत नाही, हे खरे आहे का? आणि पत्रात कारखान्याचा पत्ता देणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : दोन्ही खरे आहे. १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या कॅन-स्पॅम कायद्यात पूर्वसंमतीची अट नाही आणि कंपन्यांना पाठवलेली पत्रेही त्याच्या कक्षेत येतात. मात्र पाठवणाऱ्याचे नाव आणि विषयाची ओळ खरी हवी. आधी कधी पत्रव्यवहार झालेला नसताना विषयात ‘रि’ लिहून उत्तराचा भास निर्माण करणे म्हणजे फसवणूक. पत्र जाहिरातीचे आहे हे कळले पाहिजे, नाव काढण्याची सोय पत्र पाठवल्यापासून किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे आणि नकार १० कामकाजाच्या दिवसांत अमलात आला पाहिजे. पत्त्यासाठी धुळ्यातील कारखान्याचा, टपाल खरोखर पोहोचेल असा पिनकोडसह पूर्ण पत्ता चालेल. हीच यादी पुढे कॅनडासाठी वापरणार असाल, तर वर नंदुरबारच्या भगिनींना दिलेले उत्तर आधी वाचा.