नाशिकहून पंचवटीने सीएसएमटीला जातोय. इमारतीच्या फाटकावर सिंह आणि वाघ का आहेत? आणि घुमटावरची बाई म्हणजे राणी व्हिक्टोरियाच ना?

सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा, म्हणून फाटकाच्या दोन खांबांवर ते समोरासमोर बसवलेत. दोन्ही पोरबंदरी दगडात कोरलेले आहेत. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स. काम 1878 ला सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. घुमटावरची बाई मात्र राणी नव्हे. ती 'प्रगती': उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. राणीचा पुतळा घड्याळाखाली होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. पंचवटी लांब पल्ल्याच्या फलाटावर लागते, तिथून यातलं काहीच दिसत नाही. लोकलच्या बाजूने बाहेर पडा, महापालिकेसमोर या आणि मग वर बघा. जुन्या तिकीटघराचं, म्हणजे स्टार चेंबरचं, छत चुकवू नका.