फक्त पुस्तकं वाचून जादू आणि मेंटलिझम शिकता येतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावात राहता, शिकवणारं आसपास कोणी नाही, व्हिडिओ बघून चार-पाच खेळ जमले पण चार माणसांपुढे करायला गेलं की फसतात. जादू आणि मेंटलिझम, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखल्यासारखं दाखवण्याची कला, पुस्तकांवरून शिकता येईल का, आणि कोणती पुस्तकं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय.

येतं. मी तसाच शिकलो. मी मिरजेचा, हायस्कुलात गणित शिकवतो. १९९८ साली मुंबईला गेलो असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' हाती लागलं. ह्यूगार्ड आणि ब्रॉ या दोघांचं, मूळ १९४८चं. पुढची पानं सुटलेली होती. परतीच्या गाडीत वाचायला घेतलं आणि तीन-चार दिवसांत संपवलं. सगळी गुपितं कळली होती आणि एकही खेळ येत नव्हता.

कारण मी ते गुपितं शोधत वाचलं होतं. जिथे रहस्य लिहिलेलं असेल तिथे थांबायचं, बाकीच्या ओळी भराभर मागे टाकायच्या. 'इथे क्षणभर थांबा', 'हे बोलताना पत्त्यांकडे बघू नका', 'प्रेक्षकाला असं म्हणा' या ओळी मला भरताड वाटल्या. खेळ त्याच ओळींत होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली. म्हणून तुम्हाला एक उदाहरण सविस्तर सांगतो.

पत्त्यांच्या जादूतलं सगळ्यात सोपं तत्त्व म्हणजे खुणेचा पत्ता. ते लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा असतं, म्हणून उघड सांगायला संकोच वाटत नाही. कॅटचा सगळ्यात खालचा पत्ता तुम्ही चोरून बघून ठेवलाय, समजा चौकट सत्ती. समोरच्याने एक पत्ता निवडला, पाहिला, कॅटच्या वर ठेवला आणि कॅट कापला. खालचा भाग वर आला, म्हणजे चौकट सत्ती बरोबर त्याच्या पत्त्यावर जाऊन बसली. आता वरून एकेक पत्ता उताणा टाकत गेलात की सत्तीनंतर येणारा पत्ता त्याचा.

इथे थांबून 'हा तुमचा पत्ता' म्हटलंत तर तो 'हं, बरोबर' म्हणेल आणि चहा घेईल. पुस्तकातला खेळ पुढे जातो. त्याचा पत्ता आला तरी थांबायचं नाही. चेहऱ्यावर काही न दाखवता आणखी पाच-सहा पत्ते उताणे टाकायचे. त्याला त्याचा पत्ता मागे पडलेला दिसतोय, तुम्ही चुकलात अशी त्याची खात्री झालीय. मग हातातल्या कॅटवरच्या पत्त्याला बोट लावून म्हणायचं, 'आता पुढचा जो पत्ता मी उलटवीन तो तुमचा. लावता पैज?' तो लावतोच. मग कॅटवरचं बोट काढून, मघाशी पडलेल्या उताण्या पत्त्यांतला त्याचाच पत्ता उचलायचा आणि उलटवायचा.

गुपित तेच, काम तेवढंच, पण आता घरभर हसू उसळतं आणि लोक तो खेळ वर्षभर लक्षात ठेवतात. फरक फक्त एका वाक्याचा आहे. मी पहिल्यांदा हा खेळ मामाच्या घरी केला तेव्हा म्हटलं, 'आता पुढचा जो पत्ता उताणा करीन तो तुमचा.' आणि मग तर मी पत्ता पालथा केला! मामा म्हणाले, 'तू उताणा म्हणालास. खोटं बोलून जिंकतोस होय रे?' सगळ्यांना ते पटलं. इंग्रजीत त्या जागी एकच क्रियापद दोन्ही बाजूंना चालतं. आपल्याकडे उताणा आणि पालथा वेगळे आहेत, म्हणून तिथे 'उलटवीन' हाच शब्द हवा. त्या एका शब्दावर तुम्ही प्रामाणिक ठरता की लबाड, हे ठरतं. व्हिडिओवरून हे सुटतं, कारण तिथे आपण हात बघतो. पुस्तकात वाक्य थेट डोळ्यांपुढे असतं, आणि ते आपल्या भाषेत आणताना त्यावर थांबून विचार करावाच लागतो.

त्या दिवसापासून मी दोनशे पानी वही केली. प्रत्येक खेळ मराठीत लिहून काढायचा, हातांची कृती आणि बोलायचं वाक्य दोन्ही. माझं इंग्रजी बेताचं होतं, शब्दकोश घेऊन बसायचो. तुमचं इंग्रजी चांगलं असलं तरी वही कराच. 'डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता किंचित उजवीकडे सरकवा, त्याच वेळी उजव्या हाताची मधली बोटं...' असली वाक्यं डोळ्यांनी वाचून कधीच हातात उतरत नाहीत. एका हातात पुस्तक धरलं की कॅट धरायला हात उरत नाही, ही तर पहिलीच अडचण. मी बायकोला वाचायला सांगायचो, ती एक वाक्य वाचून थांबायची. आता मोबाईल आहे. स्वतःच्या आवाजात, मराठीत, हळूहळू सूचना रेकॉर्ड करा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून ऐका. डावं-उजवं चुकणं पहिल्या आठवड्यातच थांबेल.

सामानाबद्दलही सांगायला हवं, कारण पुस्तकं परदेशातली आहेत आणि आपल्या हाताशी वेगळ्या वस्तू असतात. नाण्यांच्या जादूचा पाया म्हणजे बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक', १९५२चं. त्यातले बहुतेक खेळ अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बसवलेले आहेत. त्याचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. आपलं दहाचं नाणं सत्तावीस मिलिमीटरचं आहे. तळहातात नाणं लपवताना हा साडेतीन मिलिमीटरचा फरक चांगलाच जाणवतो, आणि नाणं निसटलं की नवशिक्याला वाटतं आपले हातच नालायक आहेत. पण लक्ष्मीपूजनाला काढतात तो राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा बंदा रुपया घरात असेल तर मोजून बघा, तो जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढाच असतो. मी तळहातात नाणं धरायला आजीच्या रुपयावर शिकलो आणि मग दहाच्या नाण्यावर आलो. कार्यक्रमात मात्र दहाचंच वापरतो. लोकांच्या खिशातलं नाणं मागून घेऊन केलेल्या खेळावर कोणी शंका घेत नाही.

पत्ते घेताना पाठीवर चारही बाजूंनी पांढरी किनार असलेला कॅट घ्या. पुस्तकांतल्या कित्येक युक्त्या त्या किनारीच्या भरवशावर आहेत. आपल्याकडचे स्वस्त कॅट पावसाळ्यात दमट होऊन चिकटतात, तेव्हा सरावाचा आणि दाखवायचा कॅट वेगळे ठेवा. आणि पोकरचे डाव जिथे जिथे येतील तिथे तीन पत्ती करा. आपल्या माणसाला फुल हाउस म्हणजे काय ते समजावण्यात खेळ थंड होतो; तीन एक्के पडले की समजावावं लागत नाही.

पुस्तकांचा क्रम विचाराल तर पत्त्यांसाठी 'रॉयल रोड', आणि तेही पहिल्या पानापासून. त्यात प्रत्येक प्रकरणात एक कौशल्य आणि लगेच त्यावरचे खेळ अशी रचना आहे. सुरुवातच साध्या पिसण्याने होते. पिसायला तर आपल्याला येतंच, असं म्हणून ते प्रकरण ओलांडू नका. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली निघालेलं 'द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल' सगळे थोर म्हणून सांगतात आणि ते आहेच. पण निम्म्याहून जास्त मजकूर जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा, भाषा आखडलेली, सुरुवातीला हात घातलात तर धीर सुटेल. दोन-तीन वर्षांनी घ्या.

मेंटलिझमसाठी कोरिंडा यांचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटलिझम'. कोरिंडा लंडनमध्ये जादूचं दुकान चालवायचे. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तेरा वेगवेगळ्या पुस्तिका काढल्या, त्याच पुढे एकत्र बांधल्या गेल्या. पहिली पायरी एका छोट्या गुप्त साधनाची आहे, आणि बहुतेक जण ते साधन विकत घेऊन तिथेच अडकतात. बोलणं आणि सादरीकरण तेराव्या पायरीत आहे, म्हणजे पुस्तकाच्या अगदी शेवटी, जिथे फार थोडे पोचतात. तुम्ही तेरावी आधी वाचा. मग दुसरी, ज्यात स्पर्शावरून मन ओळखण्याचा भाग आहे, आणि तिसरी, स्मरणशक्तीची. या दोन्हींना काहीच विकत घ्यावं लागत नाही.

स्पर्शाचा प्रकार मला आजही सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण तिथे लपवण्यासारखं जवळजवळ काही नसतं. तुम्ही खोलीबाहेर जायचं, लोकांनी एखादी वस्तू लपवायची. आत आल्यावर जागा माहीत असलेल्या एकाने तुमचं मनगट घट्ट पकडायचं आणि मनातल्या मनात 'पुढे, डावीकडे, थांब' अशी आज्ञा देत राहायचं. हात ओढायचा नाही, असं त्याला बजावायचं. तुम्ही चालू लागता. चुकीच्या दिशेला त्याचा हात किंचित जड होतो, बरोबर दिशेला हलका पडतो. त्याला याचा पत्ताही नसतो. डॉक्टर विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ साली या प्रकाराला 'आयडिओमोटर' असं नाव दिलं. कल्पना मनात आली की स्नायू आपसूक बारीक हालचाल करतात, एवढाच त्याचा अर्थ. प्लँचेटवरची वाटी त्यानेच सरकते. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो तोही त्यानेच, आणि पाणाड्या बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच ते कळत नाही. मी आईबरोबर सराव केला. आधी फक्त दोन कोपऱ्यांतून एक ओळखायचा, मग चार, मग अख्खी खोली. साधारण महिन्याभराने मी फडताळातल्या डब्यामागची किल्ली शोधली. आईने मनगट सोडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते कुठल्याही साधनाने मिळालं नसतं. एक सूचना: उतावळा, मनापासून भाग घेणारा माणूस निवडा. जो तुम्हाला हरवायलाच उभा राहिलाय त्याचा हात काही सांगत नाही.

आता जे सांगणार आहे ते कृपा करून मागे टाकू नका. मेंटलिझमच्या पुस्तकांत माणसाचा स्वभाव आणि भूतकाळ 'ओळखण्याची' कला असते. ती किती सोपी आहे ते बघा. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं खास व्यक्तिमत्त्ववर्णन म्हणून कागद दिला. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी साधारण ४.३ आली. सगळ्या कागदांवर एकच मजकूर होता, वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

माझ्या हातून हे कसं घडलं ते सांगतो. एका सोसायटीच्या गणपतीत मी असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिथल्या एक काकू घरी आल्या. पिशवीत नारळ, हातात लेकीची पत्रिका. दोन स्थळं आली होती, कोणतं धरू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं की ही युक्ती आहे, मला काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, 'तुम्ही मोठेपणाने तसं म्हणता.' मी वही काढून कोणतं वाक्य का वापरलं ते एकेक दाखवलं, तेव्हा त्यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. त्या गेल्यावर मला दिवसभर शाळेत शिकवताना सुचत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर एका मुलीचं लग्न माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याशा वाक्यावर ठरलं असतं.

तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगतो, 'मी जे करणार आहे ते सरावाने येतं. माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही.' आणि माणसाचं नशीब, आजार, गेलेली माणसं या तीन गोष्टींना हात लावत नाही. असं सांगितल्याने रंगत कमी होते, असं पुष्कळ कलाकार मानतात. माझा अनुभव उलटा आहे, लोक जास्त बारकाईने बघतात आणि जास्त चकित होतात. आपल्या राज्यात तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हा गुन्हा आहे. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव हीच हातचलाखी उघड करून दाखवतात. त्यांचा कार्यक्रम जवळपास असेल तर जरूर जा. हात कसे चालतात ते बघायला मिळेल आणि युक्ती सांगून टाकल्यावरही लोक कसे खिळून राहतात तेही.

सरावाचं विचाराल तर एका वेळी तीनच खेळ ठेवा. पहिल्या महिन्यात आरशासमोर कमी आणि माणसांसमोर जास्त करा. आरशात बघत राहिलं की महत्त्वाच्या क्षणी डोळे हातांवर जायची सवय लागते. प्रत्येक वेळी फसल्यावर वहीत लिहा की कोणतं वाक्य बोलत असताना फसलं. बहुतेक वेळा हात बरोबर चाललेला असतो आणि वाक्य उशिरा आलेलं असतं.

आज रात्री खुणेच्या पत्त्याचा खेळ करून बघा. घरात मेंढीकोट खेळणारी आजी किंवा काका असतील तर त्यांनाच आधी दाखवा. पत्त्यांवर त्यांची नजर तयार असते, आणि 'उलटवीन' हा शब्द जरा जरी अडखळलात तर तेच तुम्हाला पकडतील.