पंख पेलतो, पण टेकवायचा कुठे?

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी सुट्या भागांतलं एक पायपर जे-3 कब, म्हणजे दोन आसनांचं छोटं जुनं विमान, घेतलं आहे. डावा पंख कापडासकट आहे, उजव्याचं कापड आधीच कुणीतरी उतरवलंय. धडाचं काम होईपर्यंत दोन्ही पंख वर्षभर छताला टांगून ठेवायचा विचार आहे. एका पंखाचं वजन किती धरावं? नवं कापड चढवल्यावर ते किती वाढेल?

उत्तर: कापडी पंखाला चौरस मीटरमागे चार ते पाच किलो, असा माझा ठोकताळा आहे. कबच्या दोन्ही पंखांचं मिळून क्षेत्रफळ 16.6 चौरस मीटर, म्हणजे एका पंखाला 35 ते 40 किलो धरा. इंधनाची टाकी धडात असल्यामुळे पंखात पेट्रोलचं वजन नसतं, ही एक सोय. पण हा आकडा हुक निवडण्यापुरता. तुमचा पंख तुम्हीच तोलायचा. ही विमानं 1938 ते 1947 या काळातली. इतक्या वर्षांत कुणी काय डागडुजी केली, कितीदा रंग मारला, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

तोलायला घरातले दोन वजनकाटे पुरतात. पंख पुढच्या कडेवर उभा धरा. एक काटा मुळाकडे, दुसरा शेंड्याकडे, दोन्हीवर मऊ गादी लावलेले ठोकळे. ठोकळ्यांचं वजन नंतर वजा करायचं. समजा मुळाकडे 22 किलो आले, शेंड्याकडे 12, आणि दोन टेकूंमध्ये अंतर 4 मीटर. एकूण वजन झालं 34 किलो. 4 ला 12 ने गुणून 34 ने भागलं की 1.4 मीटर येतात. मुळाकडच्या टेकूपासून तेवढ्यावर पंखाचा गुरुत्वमध्य. टांगायचे पट्टे या बिंदूच्या दोन बाजूंना आले पाहिजेत. हे गणित न करता अंदाजाने पट्टे लावणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्या पंखांचे शेंडे खाली झुकलेले असतात.

आता कापड. लोकांना वाटतं की जुनं सुती कापड काढून पॉलिएस्टर लावलं की पंख खूप हलका होईल. हिशोब करून बघा. एका पंखाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मिळून जेमतेम 17 चौरस मीटर कापड लागतं. सुती कापड चौरस मीटरला सुमारे 135 ग्रॅम, नेहमीच्या वापरातलं पॉलिएस्टर सुमारे 90. फरक पाऊण किलोचा! खरं वजन चढतं ते डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) आणि रंगाच्या थरांनी. चकाकी हवी म्हणून एकावर एक हात मारत गेलात, तर कापडाच्या दुप्पट-तिप्पट वजन नुसत्या रंगाचं होतं. कबचं रिकामं वजन साधारण 347 किलो आणि कमाल मर्यादा 553. उरले 206. त्यात दोन माणसं आणि भरलेली टाकी बसवली की वीसेक किलो शिल्लक राहतात. ते चकाकीवर घालवायचे का, तुम्हीच ठरवा. माझ्यापुरतं विचाराल तर थोडा निस्तेज पण हलका पंख बरा.

डाव्याचं कापड काढायच्या आधी त्याला एकदा तोला आणि काढल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे मुळाकडच्या रिबला (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीला) चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. उघडे झालेले दोन्ही सांगाडे वजनात फार वेगळे निघाले तर कारण शोधा. एका बाजूला लाकडी स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य दांडा) आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा, असंही आढळतं, कारण कबमध्ये दोन्ही प्रकार आले. स्पारला जोड देऊन केलेली दुरुस्ती असू शकते. आणि उंदरांचं घरटं असू शकतं! त्याच्या वजनाशी मला देणंघेणं नाही. उंदराच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ती खरी काळजी. लाकूड ओल धरतं हेही लक्षात ठेवा: 15 किलो लाकडातला ओलावा 10 टक्क्यांवरून 16 वर गेला, तर 800 ग्रॅम वाढतात. म्हणून शेवटचं वजन कोरड्या दिवसांत करा.

टांगायचंच असेल तर पुढची कड खाली, आणि हातभर रुंद कॅनव्हासचे दोन पट्टे. पट्टा रिबखाली आला पाहिजे, दोन रिबांच्या मधल्या पोकळीत नको. मागची कड आणि एलरॉनच्या (मागच्या कडेवरच्या हलत्या झडपेच्या) बिजागऱ्या यांच्यावर भार अजिबात नको. पट्टे सरळ उभे ठेवा. आडव्याशी 30 अंशांवर तिरपे ताणलेत तर प्रत्येकावरचा ताण दुप्पट होतो. उघडा सांगाडा मात्र मी टांगणार नाही. रिबांच्या आकाराचे प्लायवूडचे पाळणे करून, भार स्पारवर येईल असा तो उभा ठेवा. आणि पत्र्याच्या छताखाली अगदी वर नको, तिथल्या उष्णतेने लाकूड सुकून आक्रसतं.

प्रश्न: एवढा हलका पंख दोघं जण सहज उचलतील ना? आम्हाला तो गॅरेजमधून हँगरपर्यंत न्यायचा आहे.

उत्तर: आत दोघं पुरतात. बाहेर चौघं घ्या. ताशी 30 किलोमीटरचा वारा समोरून लागला तर चौरस मीटरला सुमारे 4 किलोचा जोर पडतो. कबचा एक पंख वाऱ्याला पुरा आडवा आला तर ते त्याच्या स्वतःच्या वजनाइतकंच झालं, आणि तेही आडवं ढकलणारं. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना न्या. पुढची कड वाऱ्याकडे ठेवून चाला. शेंड्याकडच्या माणसाने टोकाची वाकवलेली लाकडी पट्टी धरायची नाही, शेवटच्या रिबपाशी स्पारखाली हात घालायचा. अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवा, कापड फाटतं. आणि बाजूला कुणी वेल्डिंग करत असेल तर त्याला आधी थांबवा, कारण नायट्रेट डोपचं जुनं कापड भडकन पेटतं.