दिवस राहिले म्हणून गोळ्या थांबवाव्यात का?

प्रश्न : माझे वय २९ वर्षे आहे. सात वर्षांपूर्वी मला बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) असल्याचे निदान झाले आणि दोनदा रुग्णालयात राहावे लागले. गेली चार वर्षे रोज ९०० मिलिग्रॅम लिथियम घेऊन माझी प्रकृती उत्तम आहे. आता मला दुसरा महिना आहे. सासूबाई म्हणतात, आजपासून सगळ्या गोळ्या बंद कर. बाळंतपण माहेरी होणार असून बाळाला अंगावर पाजण्याची माझी फार इच्छा आहे. मी काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंची काळजी बाळापोटी आहे, हे मी जाणतो, तरीही गोळ्या स्वतःहून थांबवू नका, आणि याच आठवड्यात तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना भेटा. लिथियम एकदम सोडल्यास आजार लवकर उलटतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८९ गर्भवतींच्या अभ्यासात औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणातच परतला; औषध चालू ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होते. आजार बळावला की झोप, आहार आणि तपासण्या या सगळ्यांची आबाळ होते व तिची झळ बाळालाही लागते.

लिथियममुळे बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका वाढतो, हे खरे आहे. मात्र तो पूर्वी समजला जात होता त्यापेक्षा बराच कमी आहे. २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतलेल्या मातांच्या शंभरपैकी सुमारे २.४ बाळांमध्ये हृदयदोष आढळले, तर न घेतलेल्यांमध्ये सुमारे १.२. धोका मात्रेबरोबर वाढत जातो आणि ९०० मिलिग्रॅमच्या वर तो ठळकपणे वाढतो. तुमची मात्रा नेमकी त्या सीमेवर असल्याने ती थोडी कमी करता येईल का, हे तुमच्या आजाराच्या आधीच्या दोन झटक्यांची तीव्रता पाहून डॉक्टरांनी ठरवावे. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाची विशेष सोनोग्राफी अवश्य करून घ्या.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठीत सोडियम व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध तर नाही ना, हे आजच पाहा. असल्यास भेट उद्यावर ढकलू नका, कारण या औषधाने सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात दोष राहतो आणि पुढे बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. गर्भवतीच्या बायपोलर आजारासाठी ते वापरू नये, असेच आज मानले जाते.

गरोदरपणात मूत्रपिंडे लिथियम अधिक वेगाने बाहेर टाकतात, म्हणून रक्तातील पातळी दर महिन्याला आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला तपासावी लागते. उलट, उलट्या होऊन शरीरातले पाणी कमी झाले तर हीच पातळी चढते. तेव्हा सततच्या उलट्यांकडे डोहाळे समजून दुर्लक्ष करू नका. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, मीठ तोडायचे, ही काही घरांतली पद्धत तुमच्या बाबतीत धोक्याची आहे. माहेरी हे आईला आधीच स्पष्ट सांगून ठेवा. कळा सुरू होताच लिथियम किती वेळ थांबवायचे आणि प्रसूतीनंतर कोणत्या मात्रेने पुन्हा सुरू करायचे, हे प्रसूतितज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवून कागदावर लिहून द्यायला हवे. तो कागद सोबत ठेवा.

स्तनपानाविषयी मन मोकळे ठेवा. लिथियम दुधातून बाळाकडे जाते, त्यामुळे बरेच डॉक्टर अंगावर पाजू नये असा सल्ला देतात; काही जण पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाचे रक्त ठरावीक काळाने तपासत परवानगी देतात. वरचे दूध द्यावे लागले म्हणून तुमच्या आईपणात काही उणे राहत नाही. शिवाय रात्रीचे दूध दुसऱ्या कोणी पाजले तर तुम्हाला सलग झोप मिळेल, आणि जागरण हे या आजाराला चिथावणारे मोठे कारण आहे.

प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. या आजाराच्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीला त्या काळात तीव्र झटका येऊ शकतो. झोप न येऊनही थकवा न जाणवणे, अखंड बोलणे, बाळाविषयी विचित्र शंका येणे, अशी लक्षणे पतीला व आईला आत्ताच समजावून सांगा. ती दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डॉक्टर लगेच भेटले नाहीत तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनाशुल्क बोलता येते.