पुराच्या प्रकरणाबद्दल

पुणे

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीतलं पानशेतच्या पुराचं प्रकरण वाचलं. पाणी ओसरल्यावर नायिका वाड्यात शिरते, तिथे दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, कोनाडे, फडताळं अशा अकरा गोष्टी तू ओळीनं मांडल्यास. हा पंचनामा झाला. त्यातून वाडा दिसत नाही.

आधी ती कुठे उभी आहे ते ठरव. दिंडीतून वाकून आत येणाऱ्या बाईला पहिल्यांदा पायाखालचा चिखल दिसणार, आढं सगळ्यात शेवटी. वाक्यं त्याच क्रमानं लाव. मग उजेड. छप्पर कोसळलं असेल, तर एरवी भरदुपारी दिवा लागणाऱ्या माजघरात आज थेट आभाळ उतरलेलं असेल. एवढं दाखवलंस की 'भकास', 'भयाण', 'उद्ध्वस्त' हे तिन्ही शब्द खोडता येतील. खोडच.

वस्तू दोन-तीन पुरेत, पण तिला हव्या असलेल्या. ती पाटल्यांचा डबा शोधतेय, म्हणजे नजर फडताळाकडे धावणार. भिंतीवरची पुराची रेघ दाखवायची तर तिच्या उंचीनं मोज: डोक्यावर वीतभर. 'सहा फूट' म्हटलंस की वाचक आकडा वाचून पुढे जातो.

चिखलाला चॉकलेटची उपमा कशाला? 1961 साली पेठेतल्या बाईला सारवणाचा शेणकाला आठवेल. आणि पानाला एकच उपमा ठेव, दुसरी आली की पहिली पुसली जाते.

एक चूक मात्र गंभीर आहे. तू पाणी मध्यरात्री आणलंस, कंदिलाच्या उजेडात. धरण 12 जुलैला सकाळी फुटलं, पेठांत पाणी दिवसाढवळ्या चढलं. कंदील गेला याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ढगाळ जुलैच्या उजेडात सावल्या नीट पडत नाहीत, सगळं सपाट, राखाडी दिसतं, आणि येणारं पाणी लोक उघड्या डोळ्यांनी बघतात. शिवाय मातीच्या भिंती भिजून मऊ होतात, पाणी उतरल्यावरही ढासळतात. म्हणजे ती आत असताना एखादी भिंत खाली येऊ शकते. आधी पोपडा पडू दे, मग माती झरू दे.

कसबा पेठेत एखादा जुना वाडा बघायला मिळाला तर उन्हातून आत जा आणि अंधारातलं दिसायला किती वेळ लागतो ते मोज. तेवढा वेळ तुझ्या नायिकेलाही दे.

सुधारलेली तीनच पानं पाठव, अख्खं प्रकरण नको.