भाषेच्या क्लासमध्ये शिक्षकांचे तास नीट आखले नाहीत तर नेमका किती तोटा होतो?

तुमच्या जपानी क्लासला विद्यार्थी भरपूर येतात, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही आणि शिक्षकही टिकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात अशाच वर्गांचं वेळापत्रक लावते. माझ्या मते दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: शिक्षकांचे तास नीट न आखणं.

त्याचे खर्च दोन. हिशेबाच्या वहीत दिसतो तो त्यातला लहान. समजा, तुम्ही तासाला ६०० रुपये देता. बॅचमध्ये बारा जण असोत की पाच, मानधन तेवढंच. एन५च्या, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सर्वात सोप्या पातळीच्या, पाच-पाच जणांच्या दोन बॅचेस वेगळ्या वेळी चालवल्या, तर दोन तासांच्या प्रत्येक वर्गामागे १२०० रुपये जादा जातात.

न दिसणारा खर्च शिक्षक सोसतात. सकाळी सात ते नऊ कोथरूड, मग थेट साडेसहाला हिंजवडीत कंपनीची बॅच. पैसे चार तासांचे, अडकतो मात्र अख्खा दिवस, वर संध्याकाळचं ट्रॅफिक. एन२ (वरून दुसरी पातळी) झालेल्या माणसाला पुण्यात भाषांतराची पगारी नोकरी मिळू शकते. तो हे किती दिवस चालवून घेईल? जातो, आणि बॅच अर्ध्यात असताना जातो.

मग भोगतात विद्यार्थी, आणि याचंच मला सर्वात वाईट वाटतं. जेएलपीटी आपल्याकडे वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. तुमचे तास बुडाले म्हणून ती पुढे जात नाही. क्रियापदाचं 'ते' रूप (वाक्यं जोडायला लागणारं) पक्कं झालंय का, कांजी, म्हणजे चिनी मुळाची अक्षरं, कुठवर आल्यात, हे कळण्यातच नव्या सेन्सेईंचे, म्हणजे शिक्षकांचे, दोन-तीन वर्ग जातात. हे रूप कच्चं राहिलं की पुढच्या एन४ पातळीचं व्याकरण पेलत नाही. परीक्षा हुकली की मुलं दुसरा क्लास धरतात, काही तर जपानीच सोडतात.

शिक्षकांना आठवड्यापुरतं विचारू नका, थेट परीक्षेपर्यंतच्या वेळा मागून घ्या. एकाचे तास सलग आणि एकाच भागात लावा. हिंजवडीची बॅच त्या बाजूला राहणाऱ्यांनाच द्या. मधला वेळ टळत नसेल तर त्यात पेपर तपासणी किंवा शंकांचा तास ठेवा, पण त्याचे पैसे द्या. कोणता पाठ कुठवर झाला, हे प्रत्येक वर्गानंतर सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवायला सांगा.

हे सगळं जुलैची परीक्षा संपल्यावर, डिसेंबरच्या बॅचेस सुरू व्हायच्या आत ठरवा. लहान बॅचेसही तेव्हाच एकत्र करा, कारण पाठ पुढेमागे झाल्यावर त्या जुळत नाहीत.